नारळी पौर्णिमा आणि सागराचे पेव

आज श्रावणी पौर्णिमा. बहिणी भावांच्या मनगटी राखी बांधीत असतील, श्रावणी करणारे नवे यज्ञोपवीत धारण करीत असतील, आणि डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतचे कोळी व गाबीत बांधव वाजतगाजत किनाऱ्यावर जाऊन समुद्रास नारळ अर्पण करीत असतील. आमच्या शिंदखेड्यास समुद्र कोठला? येथे बुराई नदी, तीही पावसाळा सरता सरता आटू लागणारी. आणि बाजाराच्या दिवशी समुद्राचे नाव निघते ते सुक्या बोंबलाच्या टोपलीपुरते. तरी आजच्या दिवशी समुद्राविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे, आणि त्यास एक निमित्त घडले आहे.

एका महाशिवरात्रीस मुडावद येथे, तापी-पांझरेच्या संगमावरील कपिलेश्वराच्या देवळात, आम्ही समुद्रमंथनाचे आख्यान लावले होते. आरती आटोपून मंडळी उठू लागली तेव्हा कपाशीची शेती करणारे एक परिचित गृहस्थ जवळ येऊन आपल्या अहिराणीत म्हणाले, “बुवा, कथा झकास झायी, पन समुद्रना नि आपला काय संबंध?” आम्ही समोरच्या तापीकडे बोट दाखविले आणि म्हटले, “हे पाणी सुरतेपाशी समुद्रास मिळते, हा संबंध.” गृहस्थांचे समाधान झाले, आमचे झाले नाही. कारण ते उत्तर अर्धे होते, आणि त्यातील अर्ध्याने आम्हांस पूर्वी एकदा तोंडघशी पाडले होते.

आमची एक चूक

तीस वर्षे आम्ही कीर्तनाच्या पूर्वरंगात एक दृष्टान्त देत आलो. नद्या डोंगरांची माती, रानांचा पालापाचोळा आणि भूमीचे सत्त्व वाहून नेऊन समुद्राच्या ओटीत घालतात, त्यावर मासे पोसले जातात, म्हणून समुद्र हा नद्यांच्या ऋणावर जगतो, असे आम्ही मोठ्या आवेशाने सांगत असू. दृष्टान्त गोड होता, श्रोते माना डोलावीत. काही वर्षांपूर्वी गोव्यात एका देवस्थानच्या उत्सवात कीर्तन झाल्यावर समुद्रविज्ञानाचा एक तरुण विद्यार्थी नमस्कार करून म्हणाला, “बुवा, रागावणार नसाल तर सांगतो. नद्या आणतात ते खरे. पण या किनाऱ्याच्या पाण्याला पोसणारे बहुतेक अन्न बाहेरून येत नाही, ते खालून वर येते.”

रागावण्याचे कारण नव्हते. व्यासपीठावर बसणाऱ्यास चूक दाखविणारा भेटणे, हे आमच्या मते भाग्याचे लक्षण आहे. त्या तरुणाने वाळूवर रेघा ओढून जे समजावून दिले, ते आम्ही पुढे वाचून पडताळून पाहिले. ज्या शास्त्रज्ञांनी ते शोधून काढले त्यांपैकी कित्येक आपल्याच देशाचे, दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे आहेत. १९६० च्या सुमारास अनेक राष्ट्रांनी मिळून हिंदी महासागराची जी मोठी संशोधन-मोहीम केली, तिच्या पाठोपाठ १ जानेवारी १९६६ रोजी ही संस्था स्थापन झाली. तेथील ज्ञान गोव्यापासून शिंदखेड्यापर्यंत पोहोचण्यास इतका काळ लागावा, यात दोष आमच्यासारख्या बोलणाऱ्यांचाही आहे.

निळे वाळवंट

आपण समुद्राची निळाई पाहून मोहित होतो. वस्तुतः भर समुद्राचे अत्यंत निळे, काचेसारखे स्वच्छ पाणी हे बहुधा समुद्रातील वाळवंट असते. त्यात सूर्यप्रकाश विपुल असतो, परंतु उगवण्यास लागणारे खत नसते. आपल्या शेतास जसे नत्र व स्फुरद लागते, तसे समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींस नायट्रेट व फॉस्फेट लागते. त्यांपैकी डायटम नावाच्या, काचेचे कवच धारण करणाऱ्या वनस्पतींस सिलिकेटही लागते. आणि अल्पसे लोह. या वनस्पती डोळ्यांस दिसत नाहीत, पण समुद्रातील सर्व जीवसृष्टीची भाकरी त्याच थापतात. त्यांच्यावर सूक्ष्म प्राणी जगतात, त्यांवर तारली आणि बांगडा, आणि त्यांवर सुरमई व मोठे मासे.

आता अडचण अशी की, हे जीव मेले किंवा त्यांची विष्ठा पडली की ते कण हळूहळू तळाकडे जातात. खोल अंधारात जिवाणू त्यांचे विघटन करतात आणि नत्र-स्फुरद पाण्यात पुनश्च मोकळे होते. परंतु तेथे प्रकाश नाही. अगदी स्वच्छ पाण्यातही शंभर-दोनशे मीटरांखाली वनस्पतीस पुरेल इतका उजेड पोहोचत नाही. किनाऱ्याच्या गढूळ पाण्यात तर त्याहून फार आधी संपतो. म्हणजे सूर्य वर आणि खत खाली. मधे उबदार, हलक्या पाण्याचा थर थंड, जड पाण्यावर झाकणासारखा बसलेला. वरचे खाली जात नाही, खालचे वर येत नाही.

खानदेशातील वडीलधाऱ्या मंडळींस हे चटकन उमगावे म्हणून आम्ही एक घरगुती दाखला देतो. पूर्वी वाड्यावाड्यांत जमिनीखाली धान्याची पेवे असत. समुद्राची स्थिती अशी आहे की धान्य पेवात आणि चूल ओसरीवर. पेव भरलेले आहे, चूल पेटलेली आहे, आणि तरी घर उपाशी; कारण पेवाचे तोंड बंद आहे. ज्या ठिकाणी आणि ज्या काळात कोणीतरी ते तोंड उघडतो, तेथे आणि तेव्हाच समुद्र पिकतो. अशी खालून पाणी वर येणारी क्षेत्रे समुद्राच्या सुमारे एक टक्का इतकीच आहेत. परंतु जगातील समुद्री मासळीपैकी सुमारे पंचमांश तेथून मिळते, असे मानले जाते.

पेव उघडणारा वारा

हे तोंड उघडतो वारा. पण कसा, हे सांगताना प्रथमदर्शनी विश्वास बसणार नाही. १८९३ ते १८९६ या काळात नॉर्वेचे नान्सेन हे आपले ‘फ्राम’ जहाज उत्तर ध्रुवाकडील बर्फात अडकवून घेऊन प्रवाहाबरोबर वाहत गेले. तेव्हा त्यांस दिसून आले की, बर्फ वाऱ्याच्या दिशेने सरळ जात नाही, उजवीकडे कलते. स्वीडनचे एकमन यांनी १९०५ साली त्याचे गणित मांडले. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेले वरच्या थरातील पाणी एकंदरीने वाऱ्याच्या उजव्या हातास सरकते. दक्षिण गोलार्धात डाव्या.

आता आपला पश्चिम किनारा डोळ्यांपुढे आणावा. नैर्ऋत्य मोसमी वारा किनाऱ्याजवळ येताना असा वळतो की त्याचा एक अंश किनाऱ्याला समांतर, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. दक्षिणेस तोंड करून उभे राहिले असता उजवा हात पश्चिमेस, म्हणजे भर समुद्राकडे येतो. वरचे पाणी तिकडे सरकते. किनाऱ्यालगत जी पोकळी व्हावी ती भरून काढण्यास खालचे थंड, खतयुक्त पाणी वर चढते. एकट्या स्थानिक वाऱ्याचेच हे काम नव्हे. द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाला वळसा घालून किनाऱ्याच्या कडेकडेने उत्तरेस सरकणाऱ्या, डोळ्यांस न दिसणाऱ्या लांबच लांब लाटाही थंड पाण्याचा थर उचलून धरतात. म्हणून हे उत्थान प्रथम केरळच्या दक्षिणेस, पावसाळ्याच्या तोंडी सुरू होते, मग कर्नाटक, गोवा असे वर सरकते आणि भाद्रपद-आश्विनापर्यंत टिकते. गोव्याच्या उत्तरेस जसजसे जावे तसतसा त्याचा जोर ओसरत जातो.

आम्हांस सर्वांत विस्मय वाटला तो याचा की, ज्या वाऱ्याने आमच्या शिंदखेड्यात पेरण्या होतात, तोच वारा समुद्रातही पेरणी करीत असतो. आफ्रिकेच्या सोमालिया किनाऱ्यावरून हा वारा सुसाट निघतो तेव्हा तेथील समुद्र ढवळून निघतो, आणि विषुववृत्ताच्या इतक्या जवळ असूनही ऐन उन्हाळ्यात तेथे वीस अंशांखालचे थंडगार पाणी वर येते. तोच वारा बाष्प घेऊन सह्याद्रीवर चढतो आणि उरलेसुरले मेघ आम्हां पर्जन्यछायेतल्यांच्या वाट्यास येतात. आम्ही आकाशाकडे पाहून ‘पडतो की नाही’ अशी काळजी करीत असतो, तेव्हा त्याच वाऱ्याच्या पायाखाली समुद्राचे पेव उघडत असते.

उत्तरेकडच्या समुद्राची, म्हणजे गुजरात-सौराष्ट्रापलीकडच्या अरबी समुद्राची रीत निराळी. तेथे पीक येते ते हिवाळ्यात, जणू रब्बीचे. धुळ्या-शिंदखेड्याकडे दात वाजविणारी थंडी पडते त्या दिवसांत ईशान्येचा कोरडा, गार वारा समुद्रावर जातो, पाण्याची वाफ नेतो, वरचे पाणी थंड व जड करतो. जड झालेले पाणी खाली बसते, खालचे वर येते, आणि शंभर मीटर व त्याहून खोलवर समुद्र घुसळला जातो. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे डॉ. मधुप्रताप व त्यांचे सहकारी यांनी १९९६ साली हे सप्रमाण मांडले. आणि आमची तापी जेथे मिळते त्या खंभातच्या आखाताजवळ तिसरीच तऱ्हा: तेथे भरती-ओहोटीचा चढउतार काही ठिकाणी दहा मीटरांच्या घरात जातो, आणि समुद्र दिवसातून दोनदा स्वतःच स्वतःस ढवळून काढतो. एक वाऱ्याने, एक थंडीने, एक चंद्राच्या ओढीने; घुसळण तीन प्रकारची, हेतू एकच.

पेवातली हवा

येथवरची कथा अमृताची झाली. परंतु ज्यांनी पेव पाहिले आहे त्यांस ठाऊक असेल की, बरेच दिवस बंद असलेल्या पेवात एकदम कोणी उतरत नसे. आधी दोरीने दिवा सोडून पाहावयाचा. दिवा विझला तर समजावे, आत श्वास घेण्याजोगी हवा नाही. धान्यानेच ती हवा खाल्लेली असते. असे न पाहता उतरलेली माणसे परत वर आली नाहीत, अशा कथा आमच्या बालपणी घरोघरी ऐकावयास मिळत.

समुद्राच्या पेवाचेही तसेच आहे. वरून पडलेल्या जीवकणांचे विघटन होऊन खत मोकळे होते खरे. पण त्या क्रियेत पाण्यातील प्राणवायू खर्च होतो. म्हणजे पाणी जितके खतयुक्त, तितके प्राणवायूस मुकलेले. अरबी समुद्रात ही गोष्ट टोकास गेली आहे. तेथे साधारण दीडशे मीटरांपासून हजार मीटरांपर्यंतच्या थरात प्राणवायू जवळजवळ नाहीच. जगातील अशा सर्वांत जाड थरांपैकी तो एक आहे. पावसाळ्यात वर चढणारे पाणी या थरातले, किंवा त्याला लागून असलेले. ते किनाऱ्याकडे येताना आपल्यासोबत खत आणते आणि गुदमरही आणते.

गोव्यासमोर यात आणखी एक भर पडते. कोकणचा धो धो पाऊस व सह्याद्रीतून धावत येणाऱ्या नद्या यांचे गोडे पाणी हलके म्हणून वर तरंगते. त्याचा पाच-दहा मीटरांचा पातळ थर समुद्रावर झाकणासारखा बसतो आणि खालच्या पाण्यास हवा मिळू देत नाही. वरच्या थरात वनस्पती माजतात, मरतात, खाली जाऊन कुजतात, आणि उरलासुरला प्राणवायूही संपतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात कधी कधी अशी पाळी येते की तळाजवळ कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होतो. डॉ. नक्वी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ही हकीगत जगापुढे ठेविली. आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत प्राणवायूस मुकणारे हे क्षेत्र सुमारे १ लाख ८० हजार चौरस किलोमीटरांचे, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून मोठे आहे, असा त्यांचा अंदाज होता.

त्या दिवसांत किनाऱ्याजवळ मासळीचे थवे दाटलेले दिसले तरी ती दरवेळी समृद्धीच असते असे नाही. खाली श्वास घेता येत नाही म्हणून मासळी वर आणि किनाऱ्याकडे लोटली जाते. तळाशी राहणारे, पळू न शकणारे जीव मरतात. जाळे भरते, कोळी हर्षतो. पण जाळ्यात आलेला जीव काही वेळा घर पेटल्यामुळे अंगणात आलेला असतो.

आपण हे सर्व जाणत होतो काय?

येथे आमच्याच व्यवसायातील बंधूंशी थोडा वाद घालणे प्राप्त आहे. हे ऐकताच आमच्यापैकी कोणी बाह्या सरसावून म्हणेल, “पाहा! हेच तर समुद्रमंथन! आमच्या ऋषींस हे सारे ठाऊक होते.” आम्ही संस्कृत ग्रंथांत हयात घालविली आहे, म्हणून अधिकाराने नव्हे पण जबाबदारीने सांगतो: ऋषींस नायट्रेट ठाऊक नव्हते, मोसमी वाऱ्याने पाणी उजवीकडे सरते हेही ठाऊक नव्हते. ते शोधण्यास जहाजे लागली, खोल पाण्याचे नमुने भरणाऱ्या बाटल्या लागल्या, आणि खवळलेल्या समुद्रात पोटातले पाणी ढवळून घेत बसलेले शास्त्रज्ञ लागले. त्यांचे श्रेय पुराणांस देणे हा त्यांचा अपमान. आणि पुराणांस रसायनशास्त्राचे क्रमिक पुस्तक समजणे हा पुराणांचा अपमान.

मग त्या कथेत घेण्यासारखे काय? आमच्या मते दोन गोष्टी. भागवताच्या आठव्या स्कंधात मंथनास आरंभ करण्यापूर्वी भगवंत देवांस सांगतात की, सर्व प्रकारची तृणे, वेली व औषधी क्षीरसागरात टाका. म्हणजे मंथनाने वर येणारे हे आधी टाकलेल्यातूनच यावयाचे आहे. कीर्तनात हा तपशील आम्ही कैक वर्षे घाईने ओलांडीत आलो. रत्नांची यादी गाण्याची घाई असे. दुसरी गोष्ट, त्याच कथेत प्रथम वर येते ते हलाहल. अमृतासाठी दोरी ओढणाऱ्यांपैकी ते पिण्यास एकही पुढे झाला नाही. ज्याने मंथनात भाग घेतला नव्हता त्या शंकरास ते प्यावे लागले. लाभ ओढणाऱ्यांचा आणि विष तिसऱ्याचे, हा व्यवहार पुराणकाळापासूनचा आहे आणि आजही समुद्रात तोच चालू आहे. कथेने विज्ञान शिकविले नाही. तिने विचारावयाचा प्रश्न मात्र शिकविला.

पेरूची गोष्ट

लाभ ओढण्याची हाव कोठवर नेते, याचे उदाहरण दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने घालून दिले आहे. तेथील किनाऱ्यावर खालून येणारे पाणी जगात सर्वांत फलदायी समजले जाते. १९७० साली एकट्या अँचोव्हेटा या लहान माशाची तेथील पकड सव्वा कोटी टनांच्या आसपास गेली. त्या काळी तो बहुतांश माणसाच्या ताटात गेला नाही. कोंबड्या-डुकरांच्या खाद्यासाठी त्याची भुकटी झाली. १९७२ साली एल निनो आला. हे नावही सणाचेच. नाताळच्या सुमारास समुद्र उबदार होई म्हणून तेथील कोळ्यांनी त्यास बाळ येशूवरून ‘बालक’ म्हटले. त्या उबदार पाण्याचा थर इतका जाड होतो की वारा वाहिला तरी वर येते ते उबदार, निःसत्त्व पाणीच. पेवाचे तोंड बंद झाले. जाळी मात्र थांबली नाहीत. १९७३ पर्यंत पकड वीस लाख टनांच्या आसपास घसरली, आणि तेथील मासेमारीस पूर्ववत होण्यास दशके लागली.

दूरचे उदाहरण नको असेल तर घरचे घ्यावे. केरळात तारलीची पकड २०१२ साली चार लाख टनांच्या जवळ होती. २०२१ साली ती साडेतीन हजार टनांच्याही खाली गेली. याची कारणे अनेक सांगितली जातात: समुद्र तापणे, अन्नाचा ऋतू पुढेमागे होणे, आणि पिल्ले वाढण्याआधीच पकडली जाणे. पहिल्या दोहोंवर एका राज्याचे काय चालणार? तिसरे मात्र सर्वस्वी आपल्या हातातले आहे.

नारळ कोणासाठी?

येथे आम्ही आजच्या सणाकडे वळतो. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात जावयाचे नाही, ही जुनी मर्यादा मुख्यतः वादळांच्या भयाने पडली असावी, हे उघड आहे. शिडाची होडी, खवळलेला समुद्र. प्राण वाचविणे हाच पहिला धर्म. परंतु तिचा दुसरा गुण आता कळतो आहे. पावसाळ्याचे महिने हे तारली-बांगड्यासारख्या अनेक मासळीच्या विणीचे, आणि त्याच सुमारास खालून खत वर येऊन पिल्लांसाठी अन्न उगवते. म्हणजे माणूस घरी बसला असता समुद्रात पेरणी, उगवण आणि निंदणी चाललेली असते. नारळ अर्पण करून आपण जाळे उचलतो ते पीक थोडे तरी वर आल्यावर.

यंत्राच्या नौका आल्या आणि वादळाचे भय उणे झाले. मग मर्यादेचे कारणच संपले, असे काहींस वाटू लागले. महाराष्ट्राच्या पूर्वीच्या नियमात बंदीच्या मुदतीसंबंधी नारळी पौर्णिमेचे नावच होते. २०१५ साली पश्चिम किनाऱ्यासाठी केंद्राच्या क्षेत्रात १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची एकसारखी मुदत ठरविण्यात आली. एकसारखेपणा चांगलाच. पण पौर्णिमा येते ऑगस्टात: २०२० साली ती ३ ऑगस्टला आली, २०२३ साली अधिक मासामुळे ३० ऑगस्टला. म्हणजे काही वर्षी पौर्णिमेचा नारळ पाण्यात पडतो तेव्हा मोठ्या नौकांची पकड महिनाभर आधीच सुरू झालेली असते. मग हा नारळ कोणासाठी? समुद्रासाठी की छायाचित्रासाठी?

आमचे मत असे की, यांत्रिक व मोठ्या जाळ्यांच्या नौकांनी निदान ऑगस्टच्या मध्यापर्यंत थांबावे, आणि ते सर्व किनारी राज्यांनी एकत्र ठरवावे. एका राज्याने थांबावे आणि शेजाऱ्याने ओढावे, यात थांबणारा मूर्ख ठरतो. आमच्यासारख्या पोथी सोडून वाचणाऱ्याने समुद्रावर जगणाऱ्यास उपदेश करणे सोपे आहे, याची आम्हांस जाणीव आहे. कर्जाचे हप्ते, डिझेलचा खर्च, खलाशांचे पगार पौर्णिमेची वाट पाहत नाहीत. म्हणून बंदीच्या दिवसांचा भार एकट्या कोळ्यावर टाकू नये. ज्या समाजाने मासळी खावयाची त्याने सरकारमार्फत त्या दिवसांत त्यास हात द्यावा. विश्रांतीत पडलेल्या शेताचा सारा माफ करण्याची दृष्टी समुद्राबाबतही असावी. मालवणकडच्या एका वृद्ध रापणकराने एकदा आम्हांस सांगितले होते, “बुवानू, समुद्र पळान जाणा नाय, आमीच घाई करतव.” यावर आम्ही अधिक काय सांगणार?

आणि आपला संबंध

आता मुडावदच्या त्या शेतकरी गृहस्थांचे उत्तर पुरे करू. तापीचे पाणी गोव्याच्या समुद्रास विष पाजते, असे आम्ही म्हणणार नाही. ते खरे नव्हे. तिचे मुख खंभातच्या आखाताजवळ आहे आणि तेथील भरती-ओहोटीची घुसळण प्रचंड आहे. पश्चिम किनाऱ्यालगतच्या प्राणवायूच्या टंचाईत निसर्गाचा वाटा किती आणि शेतातून वाहून आलेल्या खताचा किती, याविषयीही शास्त्रज्ञांत एकमत नाही; काहींच्या मते ती मुख्यतः नैसर्गिकच आहे. पण जे पेव स्वभावतःच गुदमरलेले आहे, त्यात वरून आणखी कुजणारे लोटू नये, हे सांगण्यास कोणते मतैक्य हवे? दिवा फडफडत असता पेवात आणखी माणसे उतरवावयाची नसतात.

आपण कपाशीस युरियाच्या गोण्या ओततो. पिकास लागते त्याहून अधिक, आणि मोठा पाऊस येणार हे दिसत असतानाही. त्यातला बराच भाग पीक घेत नाही. तो नाल्यातून बुराईत किंवा पांझरेत, तेथून तापीत, आणि पुढे उकाईच्या जलाशयात व समुद्रात जातो. उलटपक्षी, उकाईचे धरण १९७२ साली पूर्ण झाल्यापासून तापीचा गाळ मोठ्या प्रमाणावर तेथेच बसतो. धरणांमागे गाळाबरोबर डायटम वनस्पतीस हवी असलेली सिलिकाही अडते. म्हणजे समुद्रास जे हवे ते आपण अडवितो आणि जे नको ते सोडतो. गावांचे सांडपाणी कोठे जाते, हे तर प्रत्येक गावाने आपापल्या नदीकाठी उभे राहून पाहावे. आमच्याने ते सणाच्या दिवशी लिहवत नाही.

मातीची परीक्षा करून खत घालावे, ते एकदम न ओतता हप्त्याहप्त्याने द्यावे, बांध नीट राखून पहिला पूर शेतातच जिरवावा: हे शेतीखाते वर्षानुवर्षे सांगत आले आहे, त्यात नवे काही नाही. पैसा वाचतो म्हणून ते करावे, असे आजवर सांगितले गेले. समुद्रासाठीही करावे, एवढीच आमची भर. मंथनापूर्वी क्षीरसागरात काय टाकावयाचे हे ठरविणारे देव होते. आज ते ठरविणारे शिंदखेडा तालुक्यातील शेतकरी आहेत, नगरपंचायती आहेत आणि आपण सर्व आहोत.

राहता राहिलो आम्ही कीर्तनकार. पुढील शिवरात्रीस आम्ही तेच आख्यान पुनश्च लावणार आहोत. मात्र पूर्वरंगातला तो जुना दृष्टान्त काढून टाकिला आहे. त्याऐवजी पेवाची गोष्ट सांगू, दिवा सोडून पाहण्याची रीत सांगू, आणि रत्नांच्या यादीकडे धावण्यापूर्वी औषधी टाकण्याच्या श्लोकापाशी थोडे थांबू. मुडावदच्या संगमाची पायरी उतरून तापीत पाय बुडविताना, हे पाणी कोठे जाणार आहे याचा विचार चार श्रोत्यांच्या मनात आला, तरी आमची चूक थोडीफार फिटली असे आम्ही समजू. समुद्राकाठच्या बंधूंनी आज अर्पण केलेल्या नारळात, समुद्र न पाहिलेल्या आम्हां खानदेशवासीयांचाही एक नारळ धरावा, एवढी त्यांस विनंती.